टोपली परत पाठवण्याची हिंमत

सव, ता. महाड

चि. बाय हिस,


तुझं पत्र पोचलं. पुण्यात तू अराकूच्या कॉफीचं पाकीट घेतलंस, त्यावर ‘वॉश्ड’ असं छापलेलं वाचलंस, किंमत पाहिलीस आणि त्याच रात्री पोलादपूरकडच्या आपल्या पोरांच्या गटात विषय काढलास: डोंगरउतारावर कॉफी लावून आपणही सहकारी संस्था काढायची का? मला तू दोन गोष्टी विचारल्यास. आपल्याकडे कॉफी होईल का, आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना जमलं ते आपल्याला जमेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर देऊन टाकतो. दुसऱ्यासाठी मात्र जरा बैस, कारण माझी सगळी नोकरी सोसायटीच्या सचिवाच्या खुर्चीत गेली आहे आणि या बाबतीत मला मनापासून काही सांगायचं आहे.

आधी जमीन-हवेचं. आपलं सव खाडीकाठी. भरतीचं पाणी सावित्रीतून आपल्या गरम कुंडांच्या अंगाने वर महाडकडे चढतं, म्हणजे आपण जवळजवळ समुद्रसपाटीलाच. कॉफी बोर्डाच्या शिफारशीप्रमाणे अरेबिका जातीला 1000 ते 1500 मीटर उंची आणि 15 ते 25 अंशांची हवा मानवते. रोबस्टाला 500 ते 1000 मीटर आणि 20 ते 30 अंश. आपल्या खोऱ्यातला एप्रिल तुला ठाऊक आहे. पोलादपुरात कुडपणसारख्या वरच्या वाड्या तेवढ्या उंचीवर जातात, पण पावसाचा हिशेब तिथेही जुळत नाही. आपला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग झरे आटत जातात. कॉफीला पाऊस हवा मार्च-एप्रिलमध्ये. त्या वळवाच्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत झाड पांढऱ्या, मोगऱ्यासारख्या वासाच्या फुलांनी भरतं. त्या सरी चुकल्या तर वर्षाचं पीक चुकतं. आणि आपण त्याच दिवसांत आकाशाकडे बघून हात जोडतो की आंबा-काजू झाडावर असताना पाऊस नको! एकाच उतारावर एकाने पावसासाठी नवस करायचा आणि दुसऱ्याने उघडिपीसाठी, असं ते होईल.

महाराष्ट्रात कॉफी होते ती अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. गाविलगडच्या डोंगरात, 1118 मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून ती झाडं आहेत. राज्यात कॉफीचा मुलूख म्हणून तेवढंच एक ठिकाण सांगितलं जातं. तेव्हा लावायचीच असेल तर वरच्या वाडीत, मोठ्या झाडांच्या सावलीत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारून थोडी रोबस्टाची रोपं प्रयोग म्हणून लावा. तीन-चार वर्षांनी पहिलं फळ दिसेल. तिच्यावर कुणाचं घर उभं करू नका.

आता दुसरा प्रश्न. त्या पाकिटातल्या कॉफीला दर मिळतो तो झाडामुळे अर्धा मिळतो. उरलेला अर्धा तोडणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत कमावला जातो किंवा घालवला जातो. ते दिवस कसे असतात ते नीट समजून घे.

कॉफीचं फळ बोराएवढंही नसतं. पिकलं की लालभडक होतं. साल, आत पातळ गोड गर, गराखाली बियांना घट्ट चिकटलेला बुळबुळीत थर, त्याखाली कागदासारखं टणक कवच, कवचाच्या आत चंदेरी पापुद्रा, आणि त्यात सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. एका फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. हिरवी, पिवळट, लाल आणि सुकून काळी पडलेली शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन फक्त लाल फळ खुडायचं. फांदी मुठीत धरून ओरबाडली तर काम झटपट होतं, पण टोपलीत कच्चं-पिकलं सगळं येतं आणि कच्च्या फळाचा तुरटपणा पुढे कितीही धुतलं तरी कपातून जात नाही.

फळ तोडलं की घड्याळ सुरू होतं. टोपलीच्या उबेत साल फुटते, गर आंबायला लागतो. म्हणून सकाळी तोडलेलं फळ त्याच दिवशी यंत्राखाली गेलं पाहिजे. आधी ते पाण्याच्या टाकीत ओततात. पोकळ, किडकं फळ तरंगतं, ते काढून टाकतात. बुडालेलं फळ पल्परमध्ये जातं, साल आणि गर एकीकडे, चिकट बिया दुसरीकडे. मग त्या बिया टाकीत आंबायला ठेवतात. तिथे सूक्ष्म जीव तो बुळबुळीत थर खाऊन सैल करतात. किती तास ठेवायचं हे आंबोळीच्या पिठासारखं हवेवर असतं. उकाड्यात बारा तास पुरतात, थंडीत डोंगरावर छत्तीसही लागतात. जाणता माणूस मूठभर बिया पाण्यात घेऊन चोळतो. हाताला बुळबुळ न लागता खडे घासल्यासारखा खरखरीत आवाज आला की टाकी सोडायची. तासभर आधी सोडली तर थर राहतो, उशीर झाला तर कॉफीला आंबूस, शिळा वास येतो.

नंतर स्वच्छ पाण्याच्या पाटातून धुणं, तुझ्या पाकिटावरचं ‘वॉश्ड’ ते हेच. जड, भरीव बी तळाशी जाते, हलकी वर वाहते, तिथेच पुन्हा निवड होते. मग जाळीच्या उंच खाटांवर पातळ पसरून वाळवणं. खालून-वरून वारा लागला पाहिजे, दिवसातून अनेकदा हात फिरवला पाहिजे, कडक उन्हात झाकलं पाहिजे नाहीतर कवच तडकतं, रात्री दव पडण्याआधी पुन्हा झाकलं पाहिजे. असं आठ-दहा दिवस किंवा जास्त, बियांतलं पाणी दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत. तशीच कवचासकट ती काही काळ विश्रांतीला ठेवतात. कवच काढणं, आकारावर चाळणं हे त्यानंतर. शेवटी भाजून, दळून, गरम पाणी घालून चाखणारे बसतात आणि शंभरपैकी गुण देतात. 80 किंवा त्याहून जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी. सुमारे सहा किलो फळांतून एक किलो हिरवी बी हाती येते. जे शेतकरी एवढं काही करत नाहीत ते फळ अख्खंच अंगणात वाळवतात. तीही कॉफीच, पण ‘चेरी’ म्हणून कमी भावात जाते.

आता तूच विचार कर. एक एकराचा धनी दिवसाला किती फळ तोडेल? दोन-तीन टोपल्या. तेवढ्यासाठी पल्पर, टाकी, पाट आणि खाटा त्याने घ्यायच्या? समजा उसनवारी करून घेतल्याच, तरी शंभर घरांच्या शंभर टाक्या म्हणजे शंभर चवी. लांबचा खरेदीदार विचारतो की पहिल्या पोत्यात जी चव आहे तीच शेवटच्या पोत्यात आहे का. त्याला ‘हो’ म्हणायचं तर सगळ्यांचं फळ एका जागी, एका हाताखाली धुतलं जायला हवं. ऊस मोळी बांधून एकट्याने विकता येतो, भात घरी झोडपता येतं. धुतलेली कॉफी छोट्या शेतकऱ्याला एकट्याने करणं फार अवघड. म्हणून जगात जिथे जिथे छोटे शेतकरी उत्तम धुतलेली कॉफी देतात तिथे बहुतेक वेळा डोंगराच्या कुशीत एक सामाईक धुण्याचं केंद्र असतं.

अराकूचं पाहा. आंध्रच्या पूर्व घाटात, आता अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात, हजार मीटरच्या आगेमागे हे खोरं आहे. कॉफी तिथे सरकारी योजनांतून पसरली. आदिवासी कुटुंबांकडे सिल्व्हर ओकच्या सावलीत, खोडावर मिरीचा वेल चढवलेले लहान तुकडे होते, आणि फळ सुकवून मिळेल त्या भावाने आठवड्याच्या बाजारात देण्याची रीत होती. हैदराबादचं नांदी फाउंडेशन तिथे काम करू लागलं आणि आंध्रच्या 1995 च्या परस्पर साह्यकारी सहकारी संस्था कायद्याखाली छोट्या आणि अल्पभूधारक आदिवासी शेतकऱ्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. पिकलेलं फळ संस्थेने घ्यायचं आणि एका केंद्रात धुवायचं असं ठरलं. 2009 पासून परदेशी चाखणाऱ्यांना बोलावून गावोगावच्या कॉफीला गुण द्यायला सुरुवात झाली, म्हणजे आपलं फळ कपात काय होतं हे ते पिकवणाऱ्याला प्रथमच कळू लागलं. 2017 मध्ये पॅरिसमध्ये अराकूचं दुकान निघालं. 2019 मध्ये अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच भागात गिरिजन सहकारी महामंडळ 1956 पासून आहे, तेही कॉफी घेतं. खरेदीला दोन दारं असली की शेतकऱ्याला थोडा आधार राहतो.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडाचं. 1994 च्या नरसंहारात त्या देशाचं काय झालं ते तू वाचलं असशील. त्यानंतर पाच वर्षांनी, 1999 मध्ये, दक्षिणेकडच्या मराबा भागातल्या शेतकऱ्यांनी संघटना केली. कित्येक घरांत मागे राहिलेल्या विधवाच कर्त्या होत्या. 2001 मध्ये विद्यापीठाच्या आणि परदेशी मदतीने त्यांचं धुण्याचं केंद्र सुरू झालं आणि एरवी कवडीमोलाने जाणारी कॉफी थोड्याच काळात इंग्लंडमधल्या दुकानांत पोचली. तिथला एक दोष मला फार शिकवून गेला. एक प्रकारचा ढेकूण फळाला टोचतो, आणि तसल्या एका बीमुळेसुद्धा कपाला कच्च्या बटाट्याचा वास येतो. हजार घरांनी चांगलं काम केलं आणि एका घराने टोचलेलं फळ दडपून टोपलीत घातलं, तर कुठल्यातरी शहरात एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं आणि त्या हजार घरांचं नाव जातं.

म्हणून बाय, माझं सांगणं एवढंच आहे. लोक समजतात सहकार म्हणजे एकत्र विकणं. धुतलेल्या कॉफीत विक्रीचा नंबर फार नंतर येतो. सहकाराची कसोटी लागते ती संध्याकाळी केंद्राच्या दारात, काट्याशेजारी. तिथे बसलेल्या पोराला किंवा पोरीला आपल्या चुलत्याची, सरपंचाची, सावकाराची टोपली बघून म्हणता आलं पाहिजे: यातलं हिरवं वेगळं करा, मगच वजन करीन. केनियात ही पद्धतच आहे. सभासद केंद्राच्या आवारात ताडपत्रीवर फळ ओततात, स्वतः निवडतात, आणि मग ते काट्यावर चढतं. ज्या संस्थेला आपल्या माणसाची टोपली परत पाठवता येत नाही, ती थोड्या हंगामांत सगळ्यांचंच फळ मातीमोल करते.

पण नकाराचा अधिकार त्याच संस्थेला शोभतो जी घेतलेल्या टोपलीचे पैसे वेळेवर देते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर खावटीसाठी लोक कसे अडतात ते मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. व्यापारी दारात येतो, फळ झाडावर असतानाच उचल देतो आणि कच्चं-पक्कं विचारत नाही. संस्था म्हणते फक्त लाल आण, आणि पैसे हंगाम संपल्यावर. भुकेलं घर कुणाकडे जाईल? म्हणून हंगाम सुरू होण्याआधी खरेदीपुरती रोकड संस्थेकडे तयार हवी. फळ दिलं त्याच आठवड्यात पहिला हप्ता आणि विक्री झाल्यावर गुणांप्रमाणे दुसरा, असा हिशेब सभासदाला तोंडपाठ असायला हवा. बाजाराची उलथापालथ तर असतेच. 2001 मध्ये जगाच्या बाजारात अरेबिका पौंडाला 50 सेंटच्या खाली गेली होती आणि लाखो घरं बुडाली. 2025 च्या फेब्रुवारीत तीच चार डॉलरच्या वर होती. भाव पडला की सगळे संस्थेची आठवण काढतात, भाव चढला की व्यापारी हिरवं-लाल सगळं रोखीने उचलतो आणि संस्थेची टाकी रिकामी राहते. चढत्या भावात सभासद टिकले तर संस्था खरी.

आणखी दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही पाण्याच्या आहेत. महाडकर म्हणून त्या तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिली म्हणजे कॉफी धुतलेलं पाणी. जुन्या पद्धतीने एक किलो हिरव्या कॉफीमागे चाळीस लिटरपर्यंत पाणी लागतं. ते गोड, आंबट, गराने दाट झालेलं असतं. तसंच ओढ्यात सोडलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. सावित्रीच्या काठावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नदीला काय झालं की आधी कातकऱ्यांच्या जाळ्यात आणि भोयांच्या डोलात कळतं. आता कमी पाण्यावर चालणारी, बुळबुळीत थर घासून काढणारी यंत्रं आली आहेत. पाणी फिरवून वापरतात, चुना घालून खड्ड्यांत निवू देतात, सालींचं खत करतात. पण तो खर्च आधी धरायला हवा. आणि आपल्या वरच्या वाड्यांत, जिथे एप्रिलमध्ये टँकर चढतो, तिथे धुण्याचं केंद्र काढण्यापूर्वी झऱ्याचं पाणी कुणाचं आणि किती, हे ग्रामसभेत ठरलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. धुण्याच्या टाकीत सगळ्यांचं फळ एकत्र पडतं. पाटलाच्या आळीचं, बौद्धवाडीचं, कातकरीवाडीचं. एकदा पाण्यात गेलं की कुणाचं कुठलं ते ओळखता येत नाही, आणि चव सगळ्यांची मिळून एक लागते. आपल्या तालुक्याला हे आधी कळायला हवं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबईच्या विधिमंडळातला बोल्यांचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 चा. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह स्वतः तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, त्यानंतर त्यांच्या माणसांना मार खावा लागला, आणि तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. ठराव कागदावर असतो तेवढ्याने पाणी कुणाच्या ओठाला लागत नाही. तेव्हा तुमच्या संस्थेच्या पोटनियमात ‘सर्वांना सभासदत्व’ असं लिहून थांबू नका. काट्यावर कोण बसतं, टाकी कोण सोडतं, संचालकांच्या बैठकीत खुर्चीवर कोण आणि दारात उभं कोण, ते पाहा. डोंगरातलं झाड, फळ, ऋतू ज्यांना सर्वांत जास्त कळतो त्या कातकरी बायका नुसत्या तोडणीच्या मजुरीवर राहिल्या, तर ती संस्था सहकारी म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही असं मी मानतो.

तू म्हणशील, नानांनी कॉफी तर नाकारली, मग एवढं पुराण कशाला? कारण ही शिस्त कॉफीपुरती नाही. आपल्याकडे काजू आहे, कोकम आहे. काजूची बी आपण ओली-सुकी, लहान-मोठी एकत्र पोत्यात भरून विकतो आणि व्यापारी सगळ्याला हलक्याचा भाव लावतो. कोकम पावसाच्या तोंडावर एकदम पिकतं, चार दिवस चुकले की झाडाखाली सडा पडतो. आमसुलं प्रत्येक घर आपापल्या मीठ-रसाच्या अंदाजाने करतं. पिकलेलंच घेणं, त्याच दिवशी फोडणं, एका मापाने रस-मीठ, जाळीवर वाळवणं, प्रत्येक खेपेवर वाडीचं नाव आणि तारीख, हे सगळं आपण उद्यापासून करू शकतो. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलेलं आहे. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 1991 मध्ये पुण्यात महाग्रेप्स उभी केली. सुरुवातीला युरोपने माल नाकारला, तेव्हा त्यांनी संस्थासंस्थांत शीतगृहं बांधली, बागेतली फवारणी बदलली, आणि बाजार मिळवला. कायदाही आता सोयीचा आहे. कंपनी कायद्यातल्या 2002 च्या दुरुस्तीपासून शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, आणि तिथेही भाग कितीही असोत, साधारणपणे एका सभासदाला एकच मत असतं.

तेव्हा तुमच्या गटाला सांग: नोंदणीची घाई करू नका. येत्या उन्हाळ्यात वीस-पंचवीस घरं घ्या, त्यांत प्रत्येक वाडीचं घर असू दे. एकच माल घ्या, कोकम घ्या. काट्यावर दोघांना बसवा, त्यांतली एक कातकरीवाडीची असू दे. घेतलेल्या फळाचे पैसे आठवड्याच्या आत द्या, त्यासाठी लागणारी रक्कम आधी जमवा. माझ्याकडचे थोडे मी देईन. नापास झालेली टोपली कुणाची होती हे वहीत लिहा आणि ती वही सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. हंगाम संपल्यावर बसून बघा, नाकारलेल्यांपैकी किती जण पुढच्या आठवड्यात निवडून आणलेलं फळ घेऊन परत आले. ते परत आले असतील तर संस्थेचा अर्ज भरा, मी सोबत येईन. नसतील आले तर त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा करून बघा.

घरी सगळे खुशाल आहेत. तब्येतीला जप, वेळेवर जेव.

तुझा,
नाना